दादा कसा हसवायचा ते धूसर होत चाललंय, डोळ्यासमोर फक्त हॉस्पिटल येतं. तुम्ही काय केलंत?

शेंडेफळ:
नमस्कार सगळ्यांना. इथे बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा दादा सात महिन्यांपूर्वी गेला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. कळलं तेव्हा तो ३९ वर्षांचा होता आणि तोपर्यंत लिव्हरमध्ये पसरलं होतं, म्हणजे चौथी स्टेज. त्यानंतर दोन वर्षं आणि वर थोडे दिवस मिळाले. आम्ही दोघंच भावंडं, मी पाच वर्षांनी धाकटी. त्याच्यामागे आई, वहिनी आणि लहानगी भाची.

दादा काय काय करायचा हे सांगायला बसले तर रात्र जाईल. पेटी वाजवायचा, कुणाकडे शिकला नाही, गाणं ऐकायचं आणि बोटांनी शोधत बसायचं, सापडलं की घरभर ओरडत सुटायचा. व्यंगचित्रं काढायचा, तीही कधी धड कागदावर नाही, बिलांच्या मागे, माझ्या वह्यांच्या शेवटच्या पानावर, एकदा बाबांचा हात मोडला होता तेव्हा प्लॅस्टरवर. ओळखीतले सगळे बंद पडलेले रेडिओ, घड्याळं, मिक्सर आमच्याकडे यायचे आणि दुरुस्त झाल्यावर एखादा स्क्रू उरायचाच, तो स्क्रू कागदाच्या पुडीत बांधून मालकाला परत द्यायचा आणि पुडीवर लिहायचा, "कंपनीने चुकून एक जास्त दिला होता". कुणाचा वाढदिवस असला की चार ओळी रचणार, यमक जुळलं नाही तर त्या माणसाचं नाव बदलायचा पण यमक सोडायचा नाही.

आणि नकला. शाळेत फोन करून बाबांच्या आवाजात माझ्यासाठी सुट्टी मागितली होती त्याने, समोरून सरांनी बाबांच्या तब्येतीची चौकशी केली तर हा दहा मिनिटं गुडघेदुखीवर बोलला. बाबा घरात शिरायच्या आधी दारात खाकरायचे, दोनदा छोटं आणि एकदा मोठं, ते तर त्याला इतकं हुबेहूब जमायचं की काय सांगू. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतरही दादा कधीतरी दारात तसं खाकरायचा आणि आई आतून सवयीने "आले, आले" म्हणायची, मग दोघं हसायची, मग आई डोळे पुसायची. आता लक्षात येतंय की दादा गेला तेव्हा बाबांचं खाकरणंपण गेलं. ते फक्त त्याच्याच घशात शिल्लक होतं.

आजारपणातही थांबला नाही. दर पंधरा दिवसांनी किमो, त्यातलं एक औषध छोट्या पंपातून ४६ तास चालायचं, तो पंप कमरेला लावून घरी यायचा. त्या पंपाचं नाव त्याने जावई ठेवलं होतं. दर पंधरा दिवसांनी येतो, दोन दिवस मुक्काम ठोकतो, सगळं घर त्याच्याभोवती नाचतं आणि गेला की आठवडाभर कुणाच्या अंगात त्राण नसतं. आईसुद्धा नंतर सरळ म्हणायला लागली, "जावईबापू कधी निघणार?"

किमोतल्या ऑक्सॅलिप्लॅटिन नावाच्या दुसऱ्या औषधामुळे गार वस्तूला हात लागला की बोटांत झिणझिण्या यायच्या, तर फ्रिज उघडताना हातमोजे घालायचा आणि तिजोरी फोडायला आल्यासारखा इकडेतिकडे बघत दार उघडायचा. पुढे पुढे झिणझिण्या कायमच्या झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, शर्टाची बटणं लावता येतात का? दादा म्हणाला, "बटणं लागतात डॉक्टर, काळी दोन लागत नाही." त्यांना पेटीतलं काही कळेना, वहिनीने समजावून सांगितलं की काळी दोन म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी, मग ते जरा वेळ गप्प बसले आणि पुढच्या वेळेपासून ते औषध बंद करून बाकीची चालू ठेवली. बोटं मात्र पूर्वीसारखी झालीच नाहीत. एक दिवस त्याने पेटीवर चादर टाकली ती टाकलीच.

आता अडचण सांगते. हे सगळं मी लिहू शकतेय कारण मला ते माहीत आहे, पण ते *दिसत* नाहीये. डोळे मिटले की शेवटचे सहा आठवडे दिसतात, पिवळे डोळे, पाण्याने फुगलेलं पोट आणि काडीसारखं मनगट. त्याचं हसणं आठवायला गेले की त्याच्या धापेचा आवाज येतो. भेटायला येणारे सगळे एकच बोलतात, किती सोसलं, किती शांत होता, देवमाणूस, कॅन्सरशी शूरपणे झुंजला. दादाला तो झुंज शब्द अजिबात आवडायचा नाही. म्हणायचा, झुंजायचं तर आधी तालीम लागते, मी पीटीच्या तासाला बाकाखाली लपायचो. परवा एक काकू आल्या होत्या, हेच सगळं चाललं होतं आणि मला जावई आठवला आणि मी फस्सकन हसले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. रात्रभर झोप नाही आली, वाटलं मी काय केलं हे.

तर विचारायचं हे की तुमच्यापैकी कुणी असं भावंड गमावलं असेल तर जुना माणूस परत आठवायला लागतो का, की हे असंच राहतं? तुम्ही काही केलंत का त्यासाठी? आणि हसायला येणं बरोबर आहे का? अजून एक, त्याच्या व्हॉइस नोट्स माझ्या फोनमध्ये आहेत, उघडायची हिंमत होत नाही पण त्या जातील की काय अशी भीती वाटते.


निवांत:
स्क्रूच्या पुडीवर मोठ्याने हसलो आणि मग लगेच घसा दाटला. तुझा दादा मला कधी भेटला नाही पण आता आठवणीत राहील. सध्या एवढंच, बाकीचे सांगतील.


पाठची:
शेंडेफळ, माझी ताई सहा वर्षांपूर्वी गेली. ओव्हरीचा कॅन्सर. त्यामुळे तू जे लिहिलंस ना, आठवतंय पण दिसत नाही, ते वाचून मी फोन खाली ठेवला पाच मिनिटं.

परत दिसायला लागतो का तर हो, माझ्या बाबतीत तरी हो. पहिलं वर्ष सगळं मला ताईचा टक्कल केलेला चेहराच दिसायचा, लग्नाचे फोटो बघितले तरी वाटायचं ही कोण बाई. मग कधीतरी, साधारण सव्वा वर्षाने असेल, मी शिवणाच्या मशीनमध्ये दोरा ओवत होते आणि दोरा जात नव्हता आणि मला अचानक ताई दिसली, जीभ बाहेर काढून एक डोळा मिटून दोरा ओवणारी, पंचविशीतली. मी मुद्दाम आठवायला बसले तेव्हा ती कधीच आली नव्हती, हाताला काम होतं तेव्हा आली. तेव्हापासून माझा असा विश्वास बसलाय की आठवण डोक्यात असते तेवढीच हातात असते. दादाच्या उद्योगांपैकी एखादा तू करून बघ, जमो न जमो. एखादं घड्याळ उघड.

दुसरं जे मी केलं आणि ज्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला ते सांगते. मी ताईच्या मैत्रिणींना, ऑफिसवाल्यांना, तिच्या नाटकाच्या ग्रुपला मेसेज केले की तिच्या आठवणी लिहून पाठवा. आले ते सगळे तुझ्या त्या काकूंसारखे, मनमिळाऊ होती, सगळ्यांच्या मदतीला धावायची. खरं होतं पण त्यात ताई नव्हती, कुणाचंही वर्णन चाललं असतं. मग मी प्रश्न बदलला. विचारलं, ताईने तुला कधी फसवलं होतं का? कधी भांडली होतीस तिच्याशी? तिची कुठली सवय डोक्यात जायची? आणि काय सांगू, धबधबा आला. एका प्रयोगात स्टेजवरचा फोन वाजायचा होता तो वाजलाच नाही, तर हिने न वाजलेला फोन उचलला, "राँग नंबर" म्हणून ठेवला आणि समोरच्या नटाकडे वळून म्हणाली, "तुमच्यासाठी फोन आला की सांगते हं." तो बिचारा घामाघूम. हे मला माहीतच नव्हतं! सख्ख्या बहिणीबद्दल मला चाळीसेक गोष्टी माहीत नव्हत्या. ती मेल्यानंतर मला तिच्याबद्दल नवीन काहीतरी कळतंय हे मला फार मोठं वाटलं होतं, अजून वाटतं.

आणि काकूंसमोर हसलीस त्यात काहीही चुकलं नाही. खरं तर त्या खोलीत त्या क्षणी दादाची खरी आठवण तुलाच आली होती.


जुना रेडिओ:
व्हॉइस नोट्सचं आधी बघ, बाकी सगळं नंतर. ऐकायची गरज नाही, न ऐकता सांभाळता येतात.

तुझ्या फोनवर जे आलंय ते तुझ्या फोनवर आहे, दादाचं अकाउंट बंद झालं म्हणून ते जात नाही. जातं ते फोन हरवला, बिघडला किंवा नवीन घेताना बॅकअप नीट घेतला नाही तर. व्हॉट्सॅपमध्ये दादाचं चॅट उघड, त्यात एक्स्पोर्ट चॅट आहे, मीडियासकट निवड आणि ती फाइल स्वतःला ईमेल कर किंवा ड्राइव्हवर टाक. जुनं मोठं चॅट असेल तर एका वेळी सगळा मीडिया येत नाही, म्हणून अँड्रॉइड असेल तर फोन कॉम्प्युटरला जोडून व्हॉट्सॅपच्या फोल्डरमधलं व्हॉइस नोट्सचं फोल्डर अख्खं कॉपी करून ठेव. त्या फाइल्स ओपस प्रकारच्या असतात, काही प्लेअरवर वाजत नाहीत म्हणून घाबरू नकोस, व्हीएलसीवर वाजतात. निदान तीन ठिकाणी ठेव, त्यातलं एक ठिकाण घराबाहेरचं, म्हणजे वहिनीकडे किंवा ऑनलाइन. पेनड्राइव्ह एकट्यावर भरवसा नको.

आता दादाच्या बाजूचं. व्हॉट्सॅप १२० दिवस वापरलं नाही तर अकाउंट काढून टाकतात, सात महिने झालेत म्हणजे ते बहुधा गेलं असेल. त्याचा फोन वहिनीकडे असेल आणि अजून चालू होत असेल तर त्यातले फोटो आणि रेकॉर्डिंग आधी काढून घ्या, घाईने रिसेट करू नका. गुगलने २०२३ मध्ये नियम केला की दोन वर्षं वापरात नसलेलं वैयक्तिक अकाउंट ते काढून टाकू शकतात, त्यात मेल, फोटो, सगळं आलं. म्हणजे तुमच्याकडे अजून वेळ आहे पण अमर्याद नाहीये. पासवर्ड नसेल तर गुगलकडे मृत व्यक्तीच्या अकाउंटसाठी घरच्यांनी अर्ज करायची सोय आहे, कागदपत्रं लागतात. फेसबुक असेल तर ते स्मरणार्थ म्हणून ठेवता येतं, नावाआधी तसं लिहून येतं आणि कुणाला वाढदिवसाच्या सूचना जात नाहीत.

हे सगळं इतकं तपशिलात लिहितोय त्याला कारण आहे. माझा धाकटा भाऊ, ब्लड कॅन्सर, २४ वर्षांचा. आम्ही नंबर चालू ठेवला नाही. काही महिन्यांनी मी सवयीने त्याचं चॅट उघडलं तर डीपीवर कुणीतरी अनोळखी माणूस, हसणारा, कडेवर बाळ. नंबर दुसऱ्याला मिळाला होता. त्या माणसाची काही चूक नाही, पण मी तो धक्का अजून विसरलो नाही. दादाचा नंबर चालू असेल तर विचार करा, घरातल्या कुणाच्या नावावर करून घेता येतो.


मधला:
थोडं वेगळं सांगू का, राग मानू नका.

आम्ही तिघे भाऊ, मोठा गेला, स्वादुपिंडाचा कॅन्सर, निदानानंतर सात महिने. तोही असाच, गाणारा, क्रिकेट खेळणारा, सुतारकाम, आणि कुठल्याही बैठकीत दहा मिनिटांत सगळ्यांना स्वतःभोवती गोळा करणारा. आणि विनोद तर चालूच. पण मी त्याच्याबरोबर हॉस्पिटलात रात्री काढल्या आहेत आणि मला माहीत आहे की त्यातले निम्मे विनोद दार बंद करायला होते. कुणी काही खरं विचारायला लागलं की हा एक असा फटका मारायचा की सगळे हसायचे आणि प्रश्न तिथेच राहायचा. मी एकदा विचारलं, भाऊ, भीती वाटते का रे? त्याने नर्सची नक्कल केली. मी चिडलो, बोललो त्याला, म्हटलं मी काय प्रेक्षक आहे का तुझा. दोन दिवस आम्ही नीट बोललो नाही, आणि त्याच्याकडे तेव्हा दिवस किती होते ते तुम्ही समजून घ्या. तिसऱ्या रात्री अडीच तीनच्या सुमाराला त्याने अंधारात माझा हात धरला आणि म्हणाला, "वाटते." एवढंच. सकाळी पुन्हा नर्सची नक्कल.

हे मी कुणाला सांगत नव्हतो, वाटायचं त्याची हसरी प्रतिमा मोडेल. आता वाटतं की ते "वाटते" काढून टाकलं तर उरतो तो माझा भाऊ नाही, त्याच्यावर भाषण करायला उभा राहिलेला कुणीतरी. शेंडेफळ, तुला हॉस्पिटलातला दादा पुसून हसरा दादा आणायचा आहे असं वाटतंय, ते मला कळतं, पण हातमोजे घालून फ्रिज उघडणारा दादा हे दोन्ही एकदमच आहे ना. तू लिहिलेल्यातला मला सगळ्यात जास्त तोच दिसला. पेटीवर चादर टाकणाराही.


सांजवेळ:
मी समुपदेशनाचं काम करते, त्यात भावंड गेलेली माणसं बरीच भेटतात, म्हणून दोन गोष्टी.

हसण्याबद्दल. केल्टनर आणि बोनॅनो या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९९७ चा अभ्यास आहे, जोडीदार जाऊन साधारण सहा महिने झालेल्या लोकांशी त्यांनी त्या जोडीदाराबद्दल बोलणं केलं आणि त्यांचे चेहरे बारकाईने तपासले. बोलताना जी माणसं खरं हसली, म्हणजे डोळ्यांच्या कडा आवळल्या जातात तसं, नुसतं तोंडदेखलं नाही, त्यांच्यात राग आणि त्रास कमी दिसला. त्यांचं प्रेम कमी होतं असं काही नाही. तुझं फस्सकन हसणं त्यातलंच.

दुसरं, लोकांना दुःखाचे पाच टप्पे माहीत असतात आणि आपण कुठल्या टप्प्यावर अडकलोय याचीच काळजी करत बसतात. एलिझाबेथ क्यूब्लर रॉस यांनी ते १९६९ मध्ये मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी ती पायऱ्यांची शिडी नव्हती. मला कामात जास्त उपयोगी पडतं ते स्ट्रोब आणि शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं, की माणूस ये-जा करत असतो, कधी दुःखात बुडतो, कधी बाहेर येऊन गॅसचं बिल भरतो, आणि ही ये-जा हीच तब्येत चांगली असल्याची खूण. त्यामुळे सहा आठवडे डोळ्यासमोर येतात तेव्हा येऊ देत आणि दादाचा जावई आठवून हसू आलं तर तेही येऊ दे. मात्र ती दृश्यं रोज रात्री झोप मोडत असतील, कामं होत नसतील आणि महिनोनमहिने काहीच सैल होत नसेल तर कुणाशी तरी प्रत्यक्ष बोल, त्यासाठी मदत आहे आणि ती उपयोगी पडते.

आणि एक विचारू? सात महिन्यांत तुला कुणी "तू कशी आहेस" असं विचारलं का? भावंडांना बहुतेक वेळा विचारतात आई कशी आहे, वहिनी कशी आहे, लहानगी कशी आहे. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाला नावच दिलं होतं, ज्या दुःखाचा हक्क समाज मान्य करत नाही ते. भावंडाचं दुःख पुष्कळदा त्यात जाऊन बसतं. आणि तुझ्या लहानपणाचा दुसरा साक्षीदार गेलाय, ते कुणालाच दिसत नाही.


शेंडेफळ:
सांजवेळ, नाही. कुणीच नाही विचारलं. हे वाचून इतकी रडले की वहिनीचा फोन आला तो उचलता आला नाही. शाळेतल्या त्या फोनची गोष्ट आता मला एकटीलाच माहीत आहे, कुणी म्हणालं असं झालंच नव्हतं तर हो म्हणायला कुणी नाही.

मधला, तुमचं बरोबर आहे. दादालाही भीती वाटायची, मला माहीत आहे, मी विचारलं नाही. पेटीवर चादर टाकली त्या दिवशी मी खोलीत होते आणि मी मोबाइल बघत असल्यासारखं केलं. त्याचा मला फार त्रास होतो.

जुना रेडिओ, फाइल्स कॉपी केल्या, तीन ठिकाणी. ४१२ निघाल्या. एकही ऐकली नाही अजून.


रात्रपाळी:
मी नर्स आहे, किमोच्या डे-केअरमध्ये बरीच वर्षं काढली. शेंडेफळ, तुला सांगते, जावई म्हणणारे पेशंट आम्ही विसरत नाही. आमच्याकडे एक ताई होत्या, सलाइनच्या स्टँडला हाताशी धरून लग्नातल्या जोडप्यासारख्या वॉर्डभर फिरायच्या आणि सगळ्यांना ओळख करून द्यायच्या, "हे आमचे हे, बोलत कमी." त्या दिवशी त्या पूर्ण खोलीत कुणाला उलटी झाली नाही असं मला उगाच आठवतं, खरं नसेलही. तुझ्या दादाच्या डे-केअरमध्ये पण कुणीतरी त्याची गोष्ट अजून सांगत असणार, पाठचीने सांगितला तो प्रश्न तिथल्या सिस्टरांनाही जाऊन विचार.

आता जे मला खरं लिहायचंय ते. तू तपासणी केलीस का? दादाला ३९ व्या वर्षी निदान झालं. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघायची तपासणी, साधारण चाळिशीत, किंवा त्या माणसाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा सुरू करावी असं सांगतात. तुझ्या बाबतीत ते २९ होतं, म्हणजे वेळ होऊन गेलीये. घाबरवत नाहीये. हा कॅन्सर बहुतेक वेळा आतड्यातल्या छोट्या पॉलिपपासून, म्हणजे अस्तरावर आलेल्या कोंबासारख्या वाढीपासून, सुरू होतो आणि कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं लागतात, कोलोनोस्कोपीत तो पॉलिप दिसला की तिथल्या तिथे काढता येतो. म्हणून ही तपासणी नुसतं लवकर निदान करत नाही, बऱ्याचदा कॅन्सर होऊच देत नाही.

अजून एक, दादाच्या फाइलमध्ये बघ, गाठीच्या तुकड्यावर एमएमआर किंवा एमएसआय असं काही तपासलं होतं का, पेशीतली डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडली आहे का ते त्यातून कळतं. इतक्या कमी वयात झाला की लिंच सिंड्रोम नावाचं आनुवंशिक कारण आहे का ते बघतात. असेल तर सख्ख्या भावंडात तो जीन असायची शक्यता ५० टक्के आणि मुलांमध्येही तेवढीच, मग तपासण्या लवकर आणि वारंवार कराव्या लागतात. नसेल तर तेही कळलेलं बरं. भाची आहे ना? तिच्यासाठीही तो कागद लागणार आहे पुढे.


मधला:
शेंडेफळ, चादरीच्या दिवसाबद्दल. तू खोलीत होतीस ना. त्याने तू असताना टाकली चादर, एकटा असताना टाकू शकला असता.


शेंडेफळ:
तीन आठवडे झाले, लिहिते म्हणून लिहिलं नाही, माफ करा.

रात्रपाळी, तुम्ही विचारलंत तेव्हा मी उत्तर दिलं नाही कारण उत्तर लाजिरवाणं होतं. दादा दोन वर्षं माझ्या मागे लागला होता तपासणीसाठी. त्याच्या पद्धतीने. म्हणायचा, आदल्या रात्री ते पोट साफ करायचं औषध घेतलंस ना की तुला कळेल आयुष्याची धावपळ म्हणजे काय. मी दर वेळी हसून पुढच्या महिन्यावर ढकललं. मला वाटायचं त्याला झालेलं असताना मी माझं बघायला जाणं म्हणजे त्याला सोडून देणं. आता वहिनीबरोबर बसून फाइल काढली. एमएमआरची तपासणी झालेली होती, नॉर्मल आहे, म्हणजे लिंचची शक्यता कमी असं डॉक्टर म्हणाले, तरी कोलोनोस्कोपी करायचीच. पुढच्या गुरुवारी आहे. वहिनी येणार आहे बरोबर. औषधाची बाटली आणून ठेवलीये आणि तिच्याकडे बघितलं की दादा दिसतो. *दिसतो*, खरंच.

पाठची, तुमचा प्रश्न मी त्याच्या सतरा मित्रमैत्रिणींना पाठवला, "दादाने तुम्हाला कधी फसवलं होतं का". अकरा जणांनी लिहिलं. एकाकडे स्क्रूची पुडी आहे, अजून, पाकिटात ठेवतो. दुसऱ्याने कळवलं की माझ्या लग्नात दादा जे भाषण करणार होता आणि ऐन वेळी आवाज बसलाय म्हणून केलं नाही, तो आवाज बसला नव्हता, रडू येत होतं म्हणून नाटक केलं होतं. नऊ वर्षं मी त्याला टोमणे मारले त्यावरून. हे वाचल्यावर मी बराच वेळ जिन्यात बसून होते.

आणि त्याच्या कॉलेजच्या मित्राने एक रेकॉर्डिंग पाठवलं. जुन्या फोनवरचं, खरखर खूप आहे, अकरा मिनिटांचं. आमच्याच घरात दादा पेटी वाजवतोय, तीच ओळ पुन्हा पुन्हा शोधतोय, चुकतोय, शिव्या घालतोय, मित्र हसतोय. सातव्या मिनिटाला पेटी थांबते. मित्राला म्हणतो, थांब, गंमत दाखवतो. पावलं ऐकू येतात, दाराची कडी, आणि मग दोनदा छोटं आणि एकदा मोठं. आणि लांबून आईचा आवाज, "आले, आले".

व्हॉइस नोट्स ऐकायचं धाडस नव्हतं झालं पण हे मी ऐकलं. आईला ऐकवू की नको यात चार दिवस गेले. काल रात्री ऐकवलं. वहिनी होती, भाची पण होती, मी आईचा हात धरून बसले होते, म्हटलं आता कोसळेल. आईने डोळे मिटून पूर्ण ऐकलं, खाकरणं आलं तिथे मान हलवली आणि म्हणाली, "शेवटचं जास्तच लांबवायचा हा. यांचं एवढं लांब नव्हतं."

मग तिने स्वतः करून दाखवलं.